चर्च सुटल्यावरचा चहा

रविवारी दुपारी एकच्या सुमाराला सगळे घरी गेले की चर्चच्या मागच्या कट्ट्यावर एक पातेलं उपडं घातलेलं दिसतं. पंधरा लिटरचं, बुडाशी काळं, काठावर तैलरंगात लिहिलेलं चर्चचं नाव, तेही घासून घासून अर्धं उरलेलं. शंभर माणसांची मंडळी होते ती या पातेल्यामुळे, असं म्हटलं तर पाळकसाहेब रागावतील. पण उपदेश ऐकताना सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात. एकमेकांकडे ती वळतात चहाच्या वेळी.

ऐंशी मिलिलिटरचा कप धरला तर शंभर कपांना ८ लिटर चहा. त्यासाठी साडेचार लिटर पाणी, चार लिटर दूध. अर्धा लिटर आटण्यात आणि फडक्यात जातं. पावडर २०० ग्रॅम, आलं १५० ग्रॅम. आलं पाण्यातच पाच मिनिटं उकळायचं. नवखी माणसं ते ठेचून थेट दुधात टाकतात आणि दूध फाटतं. तो कच्च्या रसाचा गुण, उकळीने जातो. साखर ७०० ग्रॅम, पण अगदी शेवटी, बिनसाखरेची किटली भरून झाल्यावर. हे विसरलं तर मधुमेहवाल्या काकांशी गाठ आहे.

खरा घोळ वेळेचा. अर्पणगीत सुरू झालं की गॅस पेटवायचा, शेवटच्या गीताला दूध ओतायचं, आशीर्वचनानंतरचा ‘आमेन’ कानावर आला की गाळायला घ्यायचं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटायच्या रविवारी वीस मिनिटं जास्त धरायची. मध्येच सूचना असतात, आणि माईक हातात आला की सूचना वाचणाऱ्याला आणखी सुचायला लागतं. तोवर पावडर उकळत राहते आणि चहा कडवट होतो. मग वरून दूध घालायचं आणि कुणी काही बोललं नाही तर बरं, म्हणायचं.

चर्चचा चहा आणि पुणं यांचं जुनं प्रकरण आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत टिळक होते, रानडे होते. डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा घेतला म्हणून शहर पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एवढा काथ्याकूट झाला, पण चहात आलं होतं का, हे कुणी विचारलं नाही.

आता विचारतात ते वेगळंच. नवं माणूस कप घेऊन भिंतीशी उभं राहिलं की पहिला प्रश्न, “नगरचे का?” अमेरिकन मिशन १८३१ पासून नगरला, त्यामुळे हा खडा बऱ्याचदा लागतो. नाही लागला तर जालना, सोलापूर. चौथ्या प्रश्नाला कुणाची तरी आत्या कुणाची तरी जाऊ निघते. नाहीच निघाली तरी बिघडत नाही. आठ लिटर चहा एकट्याला गाळता येत नाही, फडक्याची दोन टोकं धरायला दुसरं माणूस लागतंच. “बाळा, हे जरा धर” म्हणत मावशी टोकं हातात देतात, आणि हिंजवडीत नोकरीला आलेला तो मुलगा पुढच्या महिन्यात चहाच्या पाळीच्या यादीत असतो.

कागदी कप मात्र आणू नयेत. स्टीलचे कप विसळायला चौघं लागतात आणि चौघं लागली की अर्धा तास जातो. कोणाच्या मुलीचं जमतंय, कोणाच्या घरभाड्याला मंडळीने हातभार लावायला हवा, नाताळच्या कॅरलला गाडी कोण देणार, हे सगळं त्या नळाशी ठरतं. कमिटीच्या सभेत नंतर फक्त नोंद होते. कागदी कप आले की माणसं पाच मिनिटांत गेटाबाहेर आणि कप गटारात.

आणि ती बिनसाखरेची किटली. तिच्यात मोजून सात कप असतात, कारण घेणारे सातच. चहा संपत आला आणि तिच्यात एक कप उरला, की ओतणारी बाई आधी अंगणभर नजर फिरवते. मग हात पुसून फोन काढते. उचलला नाही, तर दोघं जण स्कूटरवरून निघतात. त्या दिवशी पातेलं संध्याकाळपर्यंत तसंच राहतं.