ईलिंग ब्रॉडवे: पायऱ्या उतरा, मग शोधायला लागा

मार्च 1962 मध्ये लंडनच्या एका संगीत साप्ताहिकात एका क्लबमधल्या मैफलीची छोटीशी जाहिरात आली होती. तिच्यात पत्ता सांगितला होता तो असा: ईलिंग ब्रॉडवे स्टेशनावरून डावीकडे वळा, झेब्रा क्रॉसिंग ओलांडा आणि एबीसीचं चहाचं दुकान नि शेजारचं जवाहिऱ्याचं दुकान यांच्या मधल्या पायऱ्या उतरा. शनिवारी संध्याकाळी साडेसात.

मी सहा वर्षं जिओकॅशिंग करते आहे. म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी (तिला कॅश म्हणतात) जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायची, आतल्या कागदावर नाव नि तारीख लिहायची आणि डबी जशीच्या तशी परत ठेवायची. इतकी चोख हिंट मला आजवर एकाही कॅशला मिळालेली नाही. म्हणून या पायऱ्यांच्या जवळपास एक नॅनो, म्हणजे अगदी चिमुकली कॅश, लपवलेला आहे हे कळल्यावर मी ठरवलं, की आधी त्या जाहिरातीप्रमाणे चालायचं आणि मगच फोन काढायचा. तुम्हीही तसंच करा. चहाचं दुकान आता नाही, पण पायऱ्या आहेत.

खालचं तळघर म्हणजे ईलिंग क्लब. गिटारवाला ॲलेक्सिस कॉर्नर आणि माउथ ऑर्गन वाजवणारा सिरिल डेव्हिस यांनी 17 मार्च 1962 ला इथे आपल्या ब्लूज इन्कॉर्पोरेटेड या बँडच्या शनिवारच्या मैफली सुरू केल्या. मध्य लंडनमधल्या क्लबांना त्यांचा ॲम्प्लिफायरवरचा मोठा आवाज खपत नव्हता, म्हणून ही मंडळी शहराच्या पश्चिमेला आली. तीनच आठवड्यांनी, 7 एप्रिलला, चेल्टनहॅमचा वीस वर्षांचा ब्रायन जोन्स इथे स्लाइड गिटार वाजवत होता आणि समोर ऐकायला डार्टफर्डहून आलेले अठरा वर्षांचे मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स उभे होते. कॉर्नरच्या बँडचा त्या वेळचा ड्रमर होता चार्ली वॉट्स. पुढे रोलिंग स्टोन्स या रॉक बँडमध्ये गाजलेले हे चौघे एकत्र आले ते या तळघरात. शिकागोच्या मडी वॉटर्स या ब्लूज गायकाच्या रेकॉर्डी घासून घासून ऐकणाऱ्या इंग्लंडमधल्या पोरांना आपल्यासारखे आणखी लोक आहेत हे कळायला एक जागा लागत होती, ती ही. तिथे उभं राहिल्यावर मला भरून आलं.

जागा मात्र अगदी दमट. छत थेट फूटपाथखाली, जाड काचेचं. गर्दीच्या श्वासाने त्यावर पाणी धरायचं आणि ते स्टेजवर ठिबकायचं, म्हणून वाजवणाऱ्यांच्या डोक्यावर एक कापड बांधलेलं असे. पुढे तिथे वेगवेगळ्या नावांचे नाइटक्लब चालले. आत जाता येईल अशी आशा धरून जाऊ नका. वर भिंतीवर निळी पाटी आहे, ती वाचा.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते शनिवारी दुपारी, आणि ती चूक होती. बाबा वाईहून दोन महिन्यांसाठी आले होते, त्यांना बरोबर घेतलं होतं. ईलिंग ब्रॉडवेला डिस्ट्रिक्ट, सेंट्रल आणि एलिझाबेथ अशा तिन्ही लाइनी येतात. शनिवारी फूटपाथवर पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत रेलिंगखाली बोटं फिरवणारी बाई सगळ्यांच्याच नजरेत येते. वीस मिनिटांत मी नाद सोडला.

मग बाबांना घेऊन सेंट मेरीज रोडला गेले, सावकाश चालत पंधरा मिनिटं. तिथल्या विद्यापीठाच्या जागी पूर्वी ईलिंगचं आर्ट कॉलेज होतं. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी 1966 पासून तिथे ग्राफिक डिझाइन शिकला. तोच फारूख बुलसारा लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये बोर्डिंगला होता. बाबा फाटकाशी थांबले. "अगं, म्हणजे हा आपला पसरणी घाट चढून गेलेला मुलगा," म्हणाले, आणि बराच वेळ तिथून हलेनात. कॅश मिळो न मिळो, इथवर चालत जाच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी सातला परत गेलो. रस्ता मोकळा. फोनचा बाण इमारतींच्या कडेला भरवशाचा राहत नाही. उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि बिंदू सहज दहा-पंधरा मीटर सरकतो. एका जागी मिनिटभर स्थिर उभं राहायचं, बाण कुठे टेकतो ते पाहायचं आणि फोन खिशात टाकायचा. पुढचं काम बोटांचं. नॅनो बोटाच्या पेराएवढा, चुंबकाने लोखंडाला चिकटलेला. कुठलं लोखंड ते सांगत नाही, पण पायऱ्यांच्या कठड्यावर वेळ घालवू नका आणि कुठलीही वस्तू उचकटू नका. कुणी विचारलं तर सरळ खरं सांगा. 2011 मध्ये यॉर्कशायरमधल्या वेदरबीला अशाच एका डबीपायी बॉम्बशोधक पथक आलं होतं, तेव्हा लपूनछपून वागणं बरं नाही.

बाबा पेपर उघडून माझ्या आडोशाला उभे राहिले. मला गार धातूचा खडा लागला. टोपण फिरवलं तर आतली सुरळी ओलीचिंब. चिमट्याने ओढली तर कडेचा तुकडा चिमट्यातच राहिला. सुरळी टिश्यूच्या दोन घड्यांत दाबून धरली, चार-पाच मिनिटं. मग उलगडून पाहिली, तर आधीच्या लोकांच्या सह्या निळ्या पसरल्या होत्या, तारखा तेवढ्या वाचता येत होत्या. बॉलपेन उमटेना. पेन्सिलीने लिहिलं.

म्हणून जाताना एवढं न्या: बारीक टोकाचा चिमटा, टिश्यू, टोक केलेली पेन्सिल. टोपणाच्या आतलं रबरी कडं जागेवर आहे ना ते पाहून मगच बंद करा, ते सरकलेलं होतं आणि पाणी तिथूनच शिरत होतं. मी ते बसवलं आणि कॅशच्या मालकाला कागद बदलायला कळवलं आहे. हीथ्रोला विमानं बदलताना पाच-सहा तास मोकळे असतील आणि व्हिसा असेल, तर एलिझाबेथ लाइन विमानतळावरून थेट इथे येते, गाडी बदलावी लागत नाही. सामान मात्र विमानतळावरच ठेवा, कारण बॅगा सांभाळत वाकून शोधता येत नाही.