लिंकनशायरची राखण

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी लंडनच्या किंग्ज क्रॉसहून निघून आणि नेवार्कला गाडी बदलून मी लिंकनला उतरलो, तेव्हा टेकडीवरच्या कॅथीड्रलचे तिन्ही मनोरे धुक्यात निम्मेच दिसत होते. मी मात्र कॅथीड्रलसाठी आलो नव्हतो. तिथून पूर्वेला, लाउथ गावाच्या अलीकडे, वोल्ड्स नावाच्या चुनखडीच्या बुटक्या टेकड्यांवर माझ्या एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांची शेती आहे, आणि त्यांच्या पिकावर उतरणाऱ्या रानकबुतरांची शिकार पाहण्याचे आमंत्रण मला मिळाले होते. ‘शिकार’ हा माझा शब्द यजमानांनी गाडीतच दुरुस्त केला. ही शिकार नव्हे, पीक वाचवण्याचे काम आहे, असे ते म्हणाले. माझ्या कानांनी त्याचे लगेच ‘राखण’ करून टाकले, कारण सोलापूरकडच्या आमच्या जोंधळ्याच्या रानात आजोबा माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे उठवत, तेव्हा घरात त्या कामाला हाच शब्द होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आधी नुकसान दाखवले. पीक होते ऑइलसीड रेप, म्हणजे आपल्या मोहरीच्याच कुळातले. उन्हाळा सरताना ते पेरतात, हिवाळाभर ते हिरव्या पानांवर जमिनीलगत बसून राहते आणि वसंतात पिवळ्या फुलांनी भरते. वनराईकडच्या बाजूला पट्टेच्या पट्टे असे खाल्लेले होते की पानांच्या फक्त मधल्या शिरा काड्यांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. पूर्वी इथल्या हिवाळ्यात ही कबुतरे उपासमारीने मोठ्या संख्येने मरत. १९७० नंतर या पिकाखालचे क्षेत्र वाढत गेले आणि ऐन थंडीत त्यांना हिरवे ताट वाढून मिळू लागले. आज ब्रिटनमध्ये त्यांच्या सुमारे पन्नास लाख जोड्या वीण करतात. पक्षी देखणा आहे: आपल्या पारव्याहून बराच मोठा, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचा, छाती गुलाबीसर, मानेवर पांढरा डाग आणि उडताना पंखांवर उठून दिसणारी पांढरी आडवी पट्टी.

बंदुकीआधी इतर उपाय करून पाहणे तिथे अपेक्षित आहे. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने इंग्लंडमधल्या सगळ्याच रानपक्ष्यांना संरक्षण दिले असून, पिकाचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी कबूतर मारायचे झाल्यास ते सरकारी सर्वसाधारण परवान्याच्या (म्हणजे वेगळा अर्ज न करता सर्वांना वापरता येणाऱ्या परवान्याच्या) अटींत बसवावे लागते. एप्रिल २०१९ मध्ये टीव्हीवरचे निसर्गविषयक निवेदक क्रिस पॅकहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेने कायदेशीर आव्हान दिल्यावर असे तीन परवाने अचानक रद्द झाले होते, आणि ऐन पेरणीच्या हंगामात शेतकऱ्यांची जी धांदल उडाली तिची आठवण यजमानांना अजून झोंबते. त्यांच्या शेतात गॅसवर चालणारी, ठरावीक वेळाने नुसता बार काढणारी तोफ होती, काठीला बांधलेला घारीच्या आकाराचा पतंग होता आणि जुन्या कोटातले एक बुजगावणेही होते. तोफ उडाली की थवा उठे, शेताला एक फेरी मारी आणि तोफेपासून हाकेच्या अंतरावर पुन्हा उतरे.

लपण उभारायला अर्धा तास पुरला. झुडपांच्या कुंपणाला लागून चार दांड्या रोवून त्यांवर जाळी टाकली आणि आत दोन स्टुले ठेवली. जागा मात्र यजमानांनी तीन दिवस दुर्बिणीतून पाहून ठरवलेली होती. थवे कोणत्या झाडांवरून येतात आणि कोणत्या फटीतून शेतात शिरतात, ही त्यांची हवेतली पायवाट सापडली की निम्मे काम झाले, असे त्यांचे म्हणणे. कबूतर वाऱ्याकडे तोंड करून उतरते, म्हणून वारा आमच्या पाठीशी घेतला. समोर वीसेक पावलांवर प्लास्टिकची फसवी कबुतरे घोड्याच्या नालाच्या आकारात मांडून मधली जागा मोकळी सोडली, म्हणजे येणारा पक्षी तिथेच उतरू पाहील. शेजारी मोटारीच्या बॅटरीवर गरगरणारे एक यंत्र होते. त्याच्या दोन लांब दांड्यांना आदल्या वेळची मेलेली दोन कबुतरे पंख पसरून लावलेली होती. मला ते दृश्य आवडले नाही, आणि आजही आवडत नाही.

मग नुसती वाट पाहणे. दहा वाजेपर्यंत काही नाही. पहिली जोडी आली तेव्हा मी उत्सुकतेने मान वर केली आणि दोन्ही पक्षी हवेतच कलंडल्यासारखे वळून निघून गेले. जाळीतून चमकणारा माणसाचा चेहरा त्यांना दुरून कळतो. “टोपी खाली, आणि डोळ्यांनी बघा, मानेने नको,” असे यजमान शांतपणे म्हणाले. त्यानंतर वारा वाढला आणि पक्षी एकेक, दोनदोन करून येऊ लागले. त्यांची बारा बोअरची जुनी दुनळी मोजकीच वाजत होती. दूरच्या पक्ष्यावर त्यांनी बार काढलाच नाही, कारण जखमी होऊन वनात पडलेला पक्षी सापडत नाही. उताणे पडलेले पक्षी मात्र ते मधूनमधून जाऊन सरळ करीत, कारण पांढुरक्या पोटामुळे वरून येणारे बिचकतात. मला बंदूक देऊ केली गेली. मी नको म्हटले.

चार वाजेपर्यंत सदतीस कबुतरे झाली. एकाच्या गळ्याखालची पिशवी त्यांनी नखाने उघडून दाखवली, तर ती रेपच्या पानांच्या तुकड्यांनी गच्च भरली होती.

रात्री स्वयंपाकघरात मी विचारले, यामुळे कबुतरे कमी होतात का? ते हसले. १९६० च्या दशकात आर. के. मर्टन यांनी केंब्रिजशायरमधल्या कार्लटन इथे याच प्रश्नाचा अभ्यास केला होता आणि हिवाळ्यातल्या गोळीबाराने एकूण संख्या घटत नाही, जे पक्षी मारले जातात तितके एरवी भुकेने मेलेच असते, असा निष्कर्ष काढला होता. यजमानांना हे ठाऊक होते. “मला देशातली कबुतरे कमी करायची नाहीत, माझ्या शेतातली करायची आहेत,” असे ते म्हणाले. आजोबांच्या गोफणीचा हिशेबही इतकाच होता. फरक असा की गोफणीच्या आवाजाने पाखरू उठायचे आणि जगायचे.

छातीचे मांस लिव्हरसारखे गडद लाल असते आणि ते तव्यावर दोन मिनिटांत उतरवायचे असते. मी सोबत नेलेल्या काळ्या मसाल्यात त्याचा रस्सा केला, तो तासभर शिजवला, आणि ते चामड्यासारखे झाले. घरातल्या सगळ्यांनी रश्शाची स्तुती केली; मांस बशीच्या कडेला, दातांखाली आलेल्या छऱ्यांच्या शेजारी, राहिले.

रविवारी सकाळी स्टेशनाकडे निघालो तेव्हा कालच्या शेतात एकही पक्षी नव्हता. दोन शेते पलीकडे, शेजाऱ्याच्या हिरव्यावर, करड्या पाठींचा मोठा थवा पसरलेला होता. यजमानांनी गाडी हळू केली, मोजल्यासारखे पाहिले आणि म्हणाले, “आता त्याला फोन करायला हवा.”