पंचावन्न लिटरांचा समुद्र

कोथरूडच्या आमच्या घरात, हॉलच्या ज्या भिंतीवर दुपारचे ऊन पोहोचत नाही तिथे, समुद्रातले मासे आणि प्रवाळे पाळलेली, दोन फूट लांबीची काचेची एक टाकी आहे. तिच्या मागच्या काचेवर मी पक्क्या शाईने एक आडवी रेघ मारून ठेवली असून, गेली सहा वर्षे सकाळी उठल्यावरचे माझे पहिले काम म्हणजे पाणी त्या रेघेच्या किती खाली गेले आहे ते पाहणे आणि तेवढे गोडे पाणी हळूहळू आत सोडणे. खाऱ्या पाण्याच्या टाकीत रोज गोडे पाणी घालायचे हे ऐकून घरी आलेले पाहुणे हमखास बुचकळ्यात पडतात. पाण्याची वाफ होते तेव्हा त्याबरोबर मीठ वर जात नाही. ते मागेच राहते आणि उरलेले पाणी तेवढ्याने अधिक खारट होते. म्हणून गेलेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानेच करावी लागते, आणि ती रोज करावी लागते.

टाकीचे माप ७२ लिटरांचे आहे; पण दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की आत जेमतेम ५५ लिटर पाणी राहते. एप्रिल-मे महिन्यांत त्यातले रोज सव्वा लिटर उडून जाते. चार दिवस दुर्लक्ष झाले तर पाच लिटर पाणी कमी होते आणि लिटरमागे ३५ ग्रॅम असलेले क्षारांचे प्रमाण साडेअडतीसवर जाते. हीच टाकी चारशे लिटरांची असती, तर तेवढ्याच बाष्पीभवनाने अर्ध्या ग्रॅमाचाही फरक पडला नसता. नवशिक्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी, असा सल्ला दुकानांतून सर्रास दिला जातो आणि खर्चाच्या दृष्टीने तो बरोबरही असेल. पण लहान टाकी चुकीला वेळ देत नाही, हे त्या सल्ल्याबरोबर सांगितले गेले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

आत काय आहे, ते सांगण्याआधी आत काय नाही ते सांगणे आवश्यक आहे. परदेशातल्या टाक्यांच्या चित्रफितींत जी फांद्यांची आणि मेंदूच्या आकाराची कठीण प्रवाळे दिसतात, ती माझ्या टाकीत नाहीत आणि नसणारही आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. त्याच वर्षी समुद्रघोड्यांनाही संरक्षण मिळाले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांचे स्थान वाघाच्या बरोबरीचे आहे. तरीही ही प्रवाळे आणि समुद्रातून उपटलेले ‘जिवंत दगड’, म्हणजे जीवजंतूंनी भरलेले खडक, दबक्या आवाजात विकायला काढले जातात, याची मला मनापासून चीड येते. मालवणच्या समुद्रात डोके बुडवून ज्याने एकदा तरी प्रवाळ पाहिले आहे, त्याला तिथला दगड खिडकीशेजारच्या काचेत यावा असे वाटणे मला समजू शकते. पण तो विकत घेणे मला मान्य नाही.

म्हणून माझ्या टाकीत मृदू प्रवाळे आणि त्यांचे नातलग आहेत. रुपयाच्या नाण्याएवढ्या चकत्यांचे झोअँथिड, आळंबीसारखे दिसणारे हिरव्या-जांभळ्या रंगाचे ‘मशरूम’, हाताच्या पंजासारखे उघडमीट करणारे झेनिया. हे सारे दुसऱ्या छांदिष्टांच्या टाक्यांत वाढलेल्या वसाहतींचे तुकडे आहेत. जोडीला क्लाउनफिशची एक जोडी, एक क्लीनर कोळंबी आणि शेवाळ खरवडणाऱ्या काही गोगलगाई. क्लाउनफिश मी हॅचरीत जन्मलेलेच घेतले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र आपल्याकडे विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले मासे घेण्याचे काहीच कारण उरलेले नाही. या जोडीतला मोठा मासा मादी असतो. सारे क्लाउनफिश आधी नर असतात आणि मादी नाहीशी झाली तर तिच्या जागी तिचा नरच मादी होतो.

दगडही कृत्रिम आहेत, सच्छिद्र आणि कोरडे आणलेले. अशा निर्जीव दगडांत जिवाणू रुजवल्याशिवाय टाकीत एकही प्राणी सोडता येत नाही, कारण माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून तयार होणारा अमोनिया त्यांनाच मारतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे बरेच कमी घातक नायट्रेट. या जिवाणूंना सुरुवातीचे अन्न म्हणून मी अमोनियम क्लोराइड घातले होते, म्हणजे आपला नवसागर, ज्याचा पांढरा धूर कल्हईवाल्याच्या भट्टीवर लहानपणी पाहिलेला असतो. अर्थात तो प्रयोगशाळेतला शुद्ध हवा, आणि तोही ५५ लिटरांना एक तृतीयांश ग्रॅम एवढाच. त्यानंतरचे सहा आठवडे मी खाऱ्या पाण्यातले रिकामे दगड पाहत बसले होते. घरच्यांना ते विचित्र वाटले. मला ते दिवस आजही आवडीने आठवतात.

आता गेल्या मे महिन्याविषयी. आम्ही चार दिवसांसाठी मालवणला गेलो होतो आणि टाकीत पाणी घालण्याचे काम शेजारच्या काकूंनी मोठ्या आपुलकीने अंगावर घेतले होते. रेघ त्यांना दाखवलेली होती, आणि त्यांनी दररोज सकाळी न चुकता रेघेपर्यंत पाणी भरलेही. मात्र ओट्याखाली दोन सारखेच पांढरे कॅन होते. एकात गोडे शुद्ध पाणी आणि दुसऱ्यात पाणी बदलण्यासाठी कालवून ठेवलेले खारे पाणी. कोणत्यात काय आहे हे फक्त माझ्या डोक्यात होते, कॅनवर कुठेच लिहिलेले नव्हते. काकूंच्या हाती खाऱ्या पाण्याचा कॅन आला.

परतल्यावर दिवा लावला तेव्हा पाणी अगदी रेघेला टेकलेले होते आणि झोअँथिडची एकही चकती उघडी नव्हती. एरवी फुलांच्या ताटव्यासारखा दिसणारा तो दगड बंद मुठींनी भरल्यासारखा झाला होता. झेनियाचे पंजे लुळे पडून देठाला चिकटले होते. दोन गोगलगाई वाळूवर उलट्या पडलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीला उचलले तेव्हा येणाऱ्या वासानेच काय ते कळले. क्षारता मोजली, ती ३८ च्या वर निघाली. हिशेब नंतर केला आणि तो नेमका जुळला: पाच लिटर पाणी उडाले, त्याच्या जागी पाच लिटर खारे पाणी आले आणि त्यातले पावणेदोनशे ग्रॅम मीठ टाकीत जास्तीचे साठले.

अशा वेळी हात शिवशिवतात आणि एका तासात सारे पूर्ववत करावेसे वाटते. परंतु चार दिवसांत चढलेली क्षारता एका तासात उतरवली तर ज्या पेशींनी कसेबसे जुळवून घेतले आहे त्या एकदम पाणी शोषून फुगतात आणि फाटतात. म्हणून मी रोज दीड लिटर टाकीतले पाणी काढून तेवढे गोडे पाणी सोडत राहिले, असे तीन दिवस. चौथ्या दिवशी दुपारी एक चकती उघडली. झेनिया गेले ते गेलेच. काकूंना मी याविषयी एक शब्दही बोलले नाही, कारण चूक त्यांची नव्हती. आता खाऱ्या पाण्याच्या कॅनला लाल पट्टी आहे आणि गोड्याला निळी, आणि दोन्ही कॅन वेगवेगळ्या खोल्यांत राहतात.

पाण्याविषयी आणखी दोन गोष्टी. नळाचे पाणी मी कधीच वापरत नाही. त्यातले क्लोरिन तर घातक आहेच, पण जुन्या नळांतून येणारे तांबे अल्प प्रमाणातही कोळंबीला आणि प्रवाळांना मारते, आणि सिलिका असली की साऱ्या दगडांवर तपकिरी साका धरतो. आरओनंतर, उरलेसुरले क्षारही शोषून घेणाऱ्या डीआय राळेतून गाळलेले, टीडीएस शून्य दाखवणारे पाणीच कॅनमध्ये जाते. दुसरी गोष्ट मिठाची. स्वयंपाकाचे मीठ का चालत नाही, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मिठागरात पाणी आटत जाते तेव्हा सोडियम क्लोराइडचे स्फटिक आधी बाहेर पडतात आणि मॅग्नेशियमसारखे पुष्कळसे घटक मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतात. त्यामुळे मीठ परत पाण्यात विरघळवले तरी त्यातून समुद्र परत तयार होत नाही. टाकीसाठीचे मिश्रण हे सगळे घटक योग्य प्रमाणात घालून केलेले असते. दर रविवारी मी सहा लिटर पाणी बदलते, त्यासाठी सव्वादोनशे ग्रॅम मिश्रण लागते. ते रात्रभर ढवळत ठेवते आणि क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने तपासते. हे उपकरण गोड्या पाण्याने शून्यावर आणण्याऐवजी ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावे, कारण त्यांतली पुष्कळशी यंत्रे मुळात साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असतात आणि समुद्राच्या पाण्याला दीडेक अंक जास्त दाखवतात.

उन्हाळ्यात क्षारतेच्या जोडीला तापमान येते. प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात, प्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जरी काही आठवडे तापत राहिले तरी हे सहजीवन मोडते, शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरे पडते. १९९८ मध्ये लक्षद्वीपच्या समुद्रात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले आणि त्यानंतर ते पुन्हा पुन्हा घडत आलेले आहे. माझ्या टाकीत मी २६ अंशांचा आग्रह धरते. त्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर फिरणारे दोन छोटे पंखे लावलेले आहेत. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने टाकीही गार होते. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये पंख्यांनी तीन-चार अंशांचा उतार मिळतो. दादरला राहणाऱ्या माझ्या बहिणीने हाच प्रयोग केला तेव्हा तिथल्या दमट हवेत तिला धड एक अंशही मिळाला नाही आणि अखेर चिलर घ्यावा लागला. अर्थात पंख्यांनी पाणी अधिक उडते, म्हणजे गारव्याची किंमत पुन्हा त्या रेघेपाशीच मोजावी लागते. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारी हॉलमधला एसी चालू ठेवते. वीज जाते तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप आपोआप सुरू होतो. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, त्यामुळे उन्हाळ्यात त्याच्यावाचून चालत नाही.

या सगळ्यांत माझे सर्वांत आवडते काम मात्र रात्रीचे आहे. दगडांवर गुलाबी-जांभळे, चुनखडीचे कवच धरणारे शैवाल वाढते, ते पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट वापरते आणि आठवडाभरात क्षारीयता (ही क्षारतेहून वेगळी; पाण्याची आम्लता पचवण्याची क्षमता) साडेआठवरून साडेसातच्या आसपास उतरते. ती भरून काढण्यासाठी मी चुन्याची निवळी वापरते. जगभरातले छांदिष्ट हिला कालकवासर या जर्मन नावाने ओळखतात आणि महागड्या डब्यांतून विकत घेतात. पण आमच्या आजीच्या फडताळात ती काचेच्या बाटलीत असायचीच. एक लिटर शुद्ध पाण्यात खाद्य दर्जाचा कॅल्शियम हायड्रॉक्साइड दीड-दोन ग्रॅम घालून हलवायचा आणि झाकण लावून रात्रभर ठेवायचे. पानाचा चुना यासाठी घेऊ नये, त्यात काय काय मिसळलेले असते याचा भरवसा नसतो. सकाळपर्यंत तळाशी पांढरा थर बसतो आणि वर काचेसारखे स्वच्छ पाणी राहते. झाकण उघडे राहिले तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्यावर पातळ, कुरकुरीत साय धरते. ती बाजूला सारून मधले नितळ पाणीच घ्यायचे.

ही निवळी फार तीव्र असते, तिचा सामू बाराच्या वर असतो, त्यामुळे ती एकदम ओतली तर टाकीचा घात होईल. माझ्याकडे औषधाच्या दुकानातून आणलेला सलाईनचा सेट आहे. दिवे मालवल्यावर मी साठ मिलिलीटर निवळी बाटलीत भरते, नळीवरचे चाक फिरवून थेंबांची गती धीमी करते आणि नळीचे टोक पंपाच्या प्रवाहावर टांगते. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबलेले असते, सारे प्राणी केवळ श्वसन करत असतात आणि पाण्याचा सामू उतरू लागतो. नेमक्या त्याच वेळी निवळीचे थेंब तो सावरतात. प्रत्येक थेंब पाण्यात पडला की क्षणभर धुरासारखी पांढरी रेषा उठते आणि प्रवाहात विरून जाते. काही रात्री मी पंधरा-वीस मिनिटे ते पाहत उभी राहते. अशाच एका रात्री कोळंबी दगडाआड मेल्यासारखी आडवी दिसली आणि माझा जीव खाली-वर झाला. टॉर्च जवळ नेला तेव्हा ते तिचे टाकलेले कवच निघाले, मिशांच्या टोकापर्यंत अखंड आणि आरपार. कोळंबी स्वतः बोटभर अंतरावर, नव्या मऊ अंगाने, कपारीत दडून बसलेली होती.

एक सावधगिरीची गोष्ट सांगायची राहिली. झोअँथिडच्या काही जातींत पॅलीटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. दगड हाताळताना मी हातमोजे आणि चष्मा घालते, आणि असा दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकत नाही किंवा घासत नाही, कारण त्याच्या वाफेने आणि तुषारांनी माणसे गंभीर आजारी पडलेली आहेत. घरात मुले असतील तर हे दुकानदाराने सांगण्याची वाट पाहू नये.

सध्या पावसाळा आहे, हवा ओली आहे आणि रोज जेमतेम पाऊण लिटर पाणी उडते. मेमध्ये बंद पडलेला झोअँथिडचा दगड पुन्हा भरला आहे. काल मोजल्या तेव्हा त्यावर एकतीस चकत्या होत्या आणि कडेला दोन कोंब. आज सकाळी क्षारता ३५ आणि तापमान २६.१ होते. निळ्या पट्टीच्या कॅनमध्ये तीन लिटर शिल्लक आहे, ते रविवारपर्यंत पुरेल.