आमची वाटचाल : सांगलीची नावं साताऱ्याच्या मशीनवर

सांगलीत आम्ही वेबसाइटची कामं घ्यायला लागलो तेव्हा डॉट इन डोमेन नुकतंच, 2005 मध्ये, सगळ्यांसाठी खुलं झालं होतं. पहिले ग्राहक मार्केट यार्डातले हळदीचे अडते, मग तासगावकडचे बेदाणेवाले, मिरजेचे सतारमेकर. साइट मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये ठेवायची. नेम सर्व्हर, म्हणजे साइटचं नाव विचारलं की तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर, मात्र गणपती पेठेतल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात, लीज लाइनवर, आमच्याच मशीनवर. कुणाचं मेल दुसरीकडे वळवायचं असेल तर तो जिन्यातूनच सांगत वर यायचा, आणि चहा येईपर्यंत झोन फाइलमध्ये, म्हणजे त्याच्या नावाच्या पत्त्यांच्या यादीत, बदल झालेला असायचा.

डोमेनच्या फॉर्मवर दोन नेम सर्व्हर लिहावे लागतात. त्या काळी बरेच जण एकाच मशीनला दोन आयपी देऊन मोकळे व्हायचे. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरने मान टाकली की दोन्ही नावं एकदम गप्प. साइट तिकडे मुंबईत व्यवस्थित चालू, पण ती कुठे आहे हे सांगणारं कुणी नाही. म्हणजे मालाने भरलेली पेढी उघडी आणि गावात पत्ता सांगायला चिटपाखरू नाही, अशातली गत.

आम्ही दुसरा सर्व्हर, म्हणजे मूळ सर्व्हरकडून (प्रायमरी) यादीची कॉपी घेऊन उत्तरं देणारा सेकंडरी, साताऱ्यात ठेवला. पोवई नाक्याजवळ माझ्या कॉलेजच्या दोस्ताचं असंच छोटं ऑफिस आहे. त्याचं सेकंडरी आमच्याकडे, आमचं त्याच्याकडे. बिल कुणी कुणाला द्यायचं नाही. 1997 च्या आरएफसी 2182 या इंटरनेटच्या मार्गदर्शक कागदात स्वच्छ लिहिलंय की सेकंडरी दुसऱ्या जागी, दुसऱ्या नेटवर्कवर असावा. म्हणून लाइनही मुद्दाम वेगळ्या कंपनीच्या घेतल्या.

जोडणी करायला फार काही लागत नाही. प्रायमरीवर कुणाला कॉपी द्यायची त्याचा आयपी, सेकंडरीवर कुणाकडून घ्यायची त्याचा, आणि दोघांकडे एकच टीसिग किल्ली, म्हणजे समोरचा खरा आहे हे पटवणारी गुप्त खूण. अडलं ते फायरवॉलला. यूडीपी आणि टीसीपी हे माहिती नेण्याचे दोन वेगळे मार्ग. साधे प्रश्न यूडीपीच्या 53 पोर्टवर येतात, त्यांना उत्तरं झकास मिळत होती. पण पूर्ण झोनची कॉपी टीसीपीच्या 53 वरून जाते आणि तोच बंद. नेटवर्कवाले म्हणतात, ‘डीएनएस (नावाचा पत्ता सांगायची सेवा) चालू आहे की साहेब.’ होताच चालू, अर्धा.

दुसरी गोष्ट झोन फाइलमधल्या सीरियल नंबरची. आम्ही तारीख आणि पुढे दोन आकडे लिहितो. नंबर वाढलेला दिसला तरच सेकंडरी नवी कॉपी घेतो. फाइल बदलून नंबर तोच ठेवला तर साताऱ्याला पत्ताच नाही. म्हणून आमच्याकडे बदल झाला की दोन्ही सर्व्हरना डिग या कमांडने एसओए (झोनची मुख्य नोंद, हा नंबर तिच्यातच असतो) विचारायचा आणि दोन्ही नंबर जुळले तरच ग्राहकाला फोन करायचा. सेकंडरीला कुणी बॅकअप म्हटलं की मला राग येतो. इकडे चुकीचा आयपी लिहिला तर तो तितक्याच इमानदारीने चुकीचाच घेऊन जातो.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथे 45. पेठेतली तळमजल्याची दुकानं बुडाली, वीज गेली, आमचं मशीन वर कोरडं पण बंद. कोयनेचं पाणी साताऱ्याकडून येत होतं आणि आमच्या ग्राहकांची उत्तरंही साताऱ्याहूनच जात होती!

या सगळ्यात कामाला आला तो एसओएमधला एक्स्पायरचा आकडा. प्रायमरीशी गाठ पडली नाही तर सेकंडरीने जुन्या कॉपीवर किती काळ उत्तरं द्यायची, ते तो ठरवतो. बऱ्याच नमुना फाइलींत तो 604800 सेकंद, म्हणजे आठवडाभर असतो. आमचा 2419200, चार आठवड्यांचा. पाणी ओसरून, गाळ उपसून वीज येईपर्यंत आठवडा केव्हाच उलटून गेला होता.

मध्येच वखारभागातल्या एका व्यापाऱ्यांचा फोन. ऑफिसातला मेल सर्व्हर पाण्यात, मेल दुसरीकडे वळवा म्हणाले. पण बदल करायचा कुठे? प्रायमरी तर बंद. दोस्ताने साताऱ्याच्या मशीनवर त्यांच्या झोनला सेकंडरीचा प्रायमरी केलं, रेकॉर्ड बदललं, सीरियल वाढवला. त्यामुळे आमचं मशीन चालू करण्याआधी ती फाइल पेन ड्राइव्हवर आणून बसवली आणि नंबर आणखी एकाने पुढे नेला. नाहीतर आमचं मशीन जुनीच उत्तरं देत बसलं असतं. एवढं करूनही साताऱ्याच्या मशीनला पुन्हा सेकंडरी केल्यावर कॉपी जाईना. मदरबोर्डची बॅटरी संपून आमच्या मशीनचं घड्याळ मागे पडलेलं, आणि टीसिग दोन्हीकडच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक चालवून घेत नाही. घड्याळ लावलं आणि कॉपी गेली.

जुलै 2021 ला पुन्हा पाणी आलं. तेव्हा प्रायमरी आधीच विश्रामबागेत हलवला होता आणि तिसरा सर्व्हर मुंबईत होता, त्यामुळे त्या वेळच्या गोष्टीत सांगण्यासारखं काही नाही. साताऱ्याची अदलाबदल अजून चालू आहे. नवा ग्राहक आला की त्याच्या साइटचा रंग बघायच्या आधी आम्ही त्याचे दोन नेम सर्व्हर कुठे बसलेत ते बघतो. एकाच इमारतीत निघाले तर कोटेशनची पहिली ओळ तीच असते.