रिकाम्या जागेसकट

दुपारी दोनला वीज गेली, मिनिटभरात आली. टीव्हीमागच्या रास्पबेरी पायचा, म्हणजे माझ्या चिमुकल्या कॉम्प्युटरचा, लाल दिवा लागला, हिरवा काही लुकलुकेना. लाल म्हणजे वीज पोचली, हिरवा म्हणजे मेमरी कार्ड वाचलं जातंय. प्लग काढला, लावला, काढला, लावला. तिसऱ्यांदा हिरवा जागा झाला. आज बॅकअप घ्यायचाच, असं ठरवलं. प्रत्येक वेळी वीज गेली की मी हे ठरवतो.

आहे काय त्या कार्डात? गॅलरीतलं तापमान. दर पाच मिनिटांनी एक आकडा, साडेतीन वर्षं. कोणाला हवंय, हे घरात विचारून झालंय. ('पाय बंद पडला' म्हटलं की आई अजून गुडघ्याचं तेल काढते.)

२०१२च्या पहिल्या पायला टपालाच्या तिकिटाएवढं कार्ड लागायचं. आताचं नखाएवढं, फरशीवर पडलं तर झाडूलाच सापडायचं. चिमटीत धरून ते लॅपटॉपला लावलं आणि डीडीची, म्हणजे जशीच्या तशी नक्कल उतरवणाऱ्या कमांडची, ओळ लिहिली. आयएफ म्हणजे कुठून, ओएफ म्हणजे कुठे. अदलाबदल झाली तर डीडी 'नक्की ना?' असं विचारत नाही, मुकाट्याने पुसून मोकळा होतो. म्हणून एंटर दाबण्याआधी मी ती ओळ तीनदा मोठ्याने वाचतो. शिवाय गडी इतका इमानी, की माझं सामान जेमतेम ४ जीबी, पण हा ३२च्या ३२ उतरवत बसतो, रिकाम्या जागेसकट.

बाबा असं करत नसत. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी जेवणं झाली की बँकेची नवी डायरी उघडून जुन्या डायरीतले फोन नंबर उतरवायला बसायचे. शाईचं पेन, शेजारी टीपकागद. मी नंबर वाचायचो, आई मटार सोलता सोलता दुरुस्त्या सांगायची. 

"नाशिकचे काका..."

"अरे, ते गेले ना श्रावणात."

पेन क्षणभर थांबायचं आणि बाबा म्हणायचे, "पुढचं वाच." इतकंच. नाशिकचे काका त्या वर्षात आलेच नाहीत.

एक नंबर मात्र दर वर्षी उतरायचा. बाबांच्या ऑफिसातले, रोज त्यांच्याबरोबर लोकलने जाणारे एक गृहस्थ. ते जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. एकदा मी वाचताना अडखळलो. आई मटारातून मान वर न काढता गप्प.

"असू दे," बाबा म्हणाले. "पानावर जागा आहे."

पाऊण तासाने डीडी संपलं. नव्या कार्डावर उतरवायला गेलो तर अगदी शेवटाला अडलं: जागा संपली. तेही ३२चंच, पण कंपनी वेगळी, चिमूटभर लहान. नक्कल छाटून बारीक करणारं पायश्रिंक मिळतं, फुकट. मी ६४चं कार्ड मागवलं.

जुनं कार्ड परत पायमध्ये घातलं तेव्हा पावणेचार झाले होते. दोनपासूनच्या नोंदी नाहीतच. बॅकअप घेत होतो ना.