आमची वाटचाल: खंडीचा हिशेब आपल्या हातात

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये सॉफ्टवेअरच्या कामासाठी गाळा घेतला तेव्हा आम्ही तिघं होतो आणि गिऱ्हाईक एकच, धरणगावकडची एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणारा कारखाना. कापूस खरेदीपासून गाठींच्या विक्रीपर्यंतचा सगळा हिशेब संगणकावर आणायचा होता. आम्ही एका मोठ्या कंपनीचा तयार फ्रेमवर्क, म्हणजे सॉफ्टवेअरचा सांगाडा, विकत घेतला. तक्ते, रिपोर्ट, लॉगिन सगळं त्यात आयतं होतं. तीन महिन्यांत सॉफ्टवेअर उभं राहिलं, तेव्हा फार आनंद झाला होता.

जिनिंगचा हिशेब बाहेरून सोपा वाटतो. कापूस घेतात क्विंटलवर, सरकी विकतात क्विंटलवर, पण रुई विकतात खंडीवर. खंडी म्हणजे 355.62 किलो, बोलताना मात्र सगळे 356 म्हणतात. 170 किलोच्या 100 गाठींची एक गाडी धरा. 355.62 ने भागलं तर 47.80 खंडी येते, 356 ने भागलं तर 47.75. खंडीला 60 हजार भाव असला की एका गाडीमागे तीन हजारांचा फरक पडतो. जिनिंगच्या शेठजींनी हा फरक वहीवर मांडून दाखवला. त्या तयार रिपोर्टमध्ये आकडा नेमका कुठे गोल होतो, ते आम्हाला उघडून बघताच येत नव्हतं. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत बघू.

2015 साली दसऱ्याच्या तोंडावर ब्राउझर अपडेट झाला आणि त्या फ्रेमवर्कचं प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला भाग, चालेनासं झालं. सकाळी सातला जिनिंगमधून फोन आला, "भाऊ, पडदा कोरा व्हई गया." गेटवर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. चार दिवस आम्ही काट्याजवळ बसून हाताने काटापावत्या फाडल्या. ज्या शेतकऱ्यांना पट्टीसाठी, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या कागदासाठी, थांबावं लागलं, त्यांचे चेहरे अजून आठवतात.

त्यानंतर ठरवलं, आता सगळं आपलं आपण लिहायचं. दीड वर्ष त्यात गेलं. त्याचं चीज झालं ते जीएसटीत. 1 जुलै 2017 ला कर बदलला तो सगळ्यांचाच. पण 15 नोव्हेंबरपासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, जिनिंगवाल्यानेच भरायचा असं आलं, तेही ऐन हंगामात. करनियमांचा कोड आम्ही पडद्यावर दिसणाऱ्या भागापासून वेगळा ठेवला होता. एका रात्रीत बदल केला, सकाळी खरेदी सुरू.

पण सगळं आपलं लिहिणं ही चूकच होती, हे मी मनापासून सांगतो. लॉगिन आम्ही लिहिलं, पासवर्ड साठवायची पद्धत आम्हीच ठरवली आणि ती कच्ची होती. प्रिंटिंगचा भाग ज्या मुलाने लिहिला तो पुण्याला गेला, आणि त्या फाइलला हात लावायला पुढे कोणी धजेना. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही बघता येतो त्यात, तेच काम अनेक लोक तपासत असतात. पाच माणसांची फर्म त्यांची बरोबरी कुठून करणार?

म्हणून 2019 मध्ये आमचा अर्धाअधिक कोड आम्ही काढून टाकला. आता माहिती साठवायला पोस्टग्रेस हा खुला डेटाबेस आहे, लॉगिन आणि पडदे खुल्या फ्रेमवर्कवर आहेत. त्यांचा सोर्स कोड आपल्याजवळ राहतो, त्यामुळे उद्या कोणी ते बंद केलं तरी हंगाम निघतो. तोल, ओलाव्याची कपात, उतारा (कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण), खंडी, कर आणि शेतकऱ्याची पट्टी मात्र आम्हीच लिहितो, आणि या भागात त्या फ्रेमवर्कचं नावसुद्धा येऊ देत नाही. एवढी शिस्त पाळायला वेळ जातो, तरीही पाळतो.

नवीन मुलगी किंवा मुलगा रुजू झाला की पहिला आठवडा त्याला संगणक देत नाही. तो काट्यावर बसतो, भरल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहितो आणि दहा पट्ट्या हाताने काढतो. यंदा रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याचं काम घेतलंय. पुढच्या सोमवारपासून आमच्यातले दोघं त्यांच्या काट्यावर बसणार आहेत.