रंकाळ्यावर पळायला कुठलं ॲप?

आज सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर पळून आलो आणि ठरवून टाकलं: स्ट्राव्हा. ग्रुपमधली पोरं नाइकी रन क्लबचं नाव घेतात. तेही चांगलंच आहे, फुकट आहे आणि कानात बोलणारा कोच नवख्याला खरंच धीर देतो. पण मला माझी प्रत्येक रन जीपीएक्स फाईल (पळालेल्या वाटेची नोंद, दुसऱ्या ॲपातही उघडते) म्हणून बाहेर काढता यायला हवी, आणि ते स्ट्राव्हात जमतं. उद्या ॲप बदललं तरी घाम गाळून कमावलेले किलोमीटर माझ्याकडंच राहिले पाहिजेत. शिवाय स्ट्राव्हात घराजवळचा भाग नकाशावर लपवता येतो. पहाटे एकट्या पळणाऱ्या ताईंनी हे सेटिंग आधी करा, हात जोडून सांगतो.

अंतर मोजतो फोनचा जीपीएस, ॲप फक्त ठिपके जोडतं. मोकळ्या आभाळाखाली चूक साधारण 5 मीटरची, म्हणून शालिनी पॅलेसच्या बाजूला आज नकाशावरची रेघ कशी काठाला धरून आली. दाटीच्या गल्लीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो, मग रेघ लोकांच्या घरांतून जाते आणि अंतर फुगतं. म्हणून दर क्षणाचा पेस (किलोमीटरला किती मिनिटं लागतात तो वेग) बघत पळू नका, पूर्ण किलोमीटरचा बघा. स्टार्ट दाबण्याआधी जीपीएस लागू द्या. बॅटरी सेव्हर बंद ठेवा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की नोंद मध्येच तुटू शकते.

विद्यापीठाच्या चढावर पळणाऱ्यांनो, तुमच्या फोनमध्ये चढाचे आकडे बरोबर येतात का? कुठलं ॲप वापरता तेही सांगा.